लोणच्यावरचा दगड

तिने अंगठ्याने सहा पुसला आणि तिथे सात लिहिला. झालं ते एवढंच. आमच्या इमारतीच्या शेजारी, नदीच्या काठाने, चाळीस मजल्यांचे तीन मनोरे उभे राहणार आहेत. पायाचं काम सुरू होण्याआधी आजूबाजूच्या प्रत्येक घरात तपासणी करून ठेवतात. उद्या कोणाच्या भिंतीला चीर गेली, तर ती जुनी की नवी असा वाद नको. त्यासाठी ही मुलगी आली होती. दाराशी बूट जोडून ठेवून ती पांढऱ्या मोज्यांनी आत आली. तिच्या हातातल्या छोट्या हिरव्या फळ्यावर शेजारच्या घराचा नंबर होता, अकराशे सहा. आमचं अकराशे सात. तिने उजव्या अंगठ्याने शेवटचा आकडा पुसला, अंगठा पँटला घासला, खडूने सात काढला आणि फळा माझ्या हातात दिला. "आजोबा, जरा भिंतीला लावून धरता का? तारीख दिसायला हवी." मी धरला. "आजोबा, हलू नका हं, फळा हलतोय." फळा हलत नव्हता, माझे हात हलत होते. एकतीस वर्षांपूर्वी असाच एक आकडा असाच पुसला गेला होता, आणि तो अंगठा माझा होता.

मग तिने जमिनीवर उतार मोजायची बुडबुड्याची पट्टी ठेवली आणि गुडघे टेकून वाकून पाहिलं. "मीटरला दोन मिलिमीटर. नदीच्या बाजूला." मी वाकून बुडबुडा पाहिला. "एवढं चालतं, आजोबा. जुन्या इमारतींत असतंच." नोबुए, माझी बायको, चहा घेऊन आली आणि तिला राहवलं नाही. "अगं, या इमारतीचा पाया यांनीच तर घातलाय. तेव्हा हे साइटवर साहेब होते." मुलीचा चेहरा उजळला. "अय्या, खरंच? मग तुम्हीच सांगा की, कसा आहे पाया?" "चांगला आहे," मी म्हणालो. ती हसली, चहा प्यायली, न्हाणीघराचं दार पाहिलं, खिडक्यांचे कोपरे पाहिले आणि फळा काखेत धरून अकराशे आठमध्ये गेली. तिथेही ती अंगठ्याने सात पुसून आठ करणार होती. त्यात काहीच चूक नव्हती. तिने प्रत्येक घराची भिंत डोळ्यांनी पाहिली होती.

मी दर उन्हाळ्यात नदीकाठच्या वस्तीतल्या मुलांना पाया म्हणजे काय ते दाखवतो. एका ताटलीत तोफूची मोठी वडी ठेवतो आणि सांगतो की ही आपली नदीकाठची माती. वरून घट्ट दिसते, बोटाने दाबली की जाते. हिच्यावर पुस्तक ठेवा. पुस्तक कलतं, तोफू फुटतो, मुलं खूश होतात. मग दुसरी वडी घ्यायची, तिच्यात जेवणाच्या काड्या उभ्या खुपसायच्या, खालच्या ताटलीला टेकेपर्यंत, आणि त्या काड्यांवर पुस्तक ठेवायचं. आता पुस्तक कुठे उभं आहे? "तोफूवर!" असं कोणीतरी ओरडतंच. मग बाकीची मुलं त्याला समजावतात की नाही रे, ताटलीवर. तोफूने नुसता काड्यांचा हात धरलाय. मला तो क्षण फार आवडतो. पण दोन वर्षांपूर्वी एक मुलगी, समोरचे दोन दात पडलेली, ताटलीच्या पातळीवर डोळे आणून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, एखादी काडी पोचलीच नसली तर? आतमध्ये दिसत तर नाही." मी म्हणालो की म्हणून तर आपण प्रत्येक काडी नीट बघतो. घरी येईपर्यंत त्या उत्तराची चव माझ्या तोंडात राहिली.

आमच्या इमारतीखाली चौसष्ट काड्या आहेत. वर भराव, त्याखाली काळा चिखल, त्याखाली शिंपल्यांचे तुकडे असलेली राखाडी माती. कधीकाळी इथे समुद्र होता. चाळीस मीटरपर्यंत त्यात मसुराच्या दाण्याएवढाही खडा सापडत नाही. त्याखाली एकदम गोटे लागतात. समुद्र येण्याआधी डोंगरातून वेगाने येणाऱ्या नदीने ते आणून टाकलेले, गोल गोल, घट्ट बसलेले. त्या गोट्यांवर खांब टेकला की झालं. तळाला लोखंडी दात असलेली मोठी बादली गोल फिरत जमिनीत उतरते, माती भरून वर येते, रिकामी होते, पुन्हा उतरते. कागदावर खोली लिहिलेली असते, पण जुन्या नदीने कागद पाहिलेला नसतो. तिचं पात्र कुठे वर असतं, कुठे खाली. म्हणून शेवटच्या बादलीत गोटे आले हे साहेबाने स्वतः बघायचं, मूठभर माती बाटलीत भरायची, शेजारी फळा धरून फोटो काढायचा. खांबाचा नंबर, खोली, तारीख. तो फोटो झाल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही. नियम एवढा साधा होता.

सत्तेचाळीस नंबरच्या दिवशी, नोव्हेंबरात, मालकांकडचे पाहुणे साइट बघायला येणार होते. दोन दिवस आम्ही सगळं झाडत होतो, फळ्या धूत होतो, हेल्मेटं पुसत होतो. शिनबो नावाचा एक शेतकरी उत्तरेकडच्या आकिताहून हिवाळ्यापुरता कामाला आला होता. चाळिशीचा, अबोल, फार नीटनेटका. सत्तेचाळीसची शेवटची बादली वर आली तेव्हा मी फीत सोडून खोली मोजत होतो. बरोबर एक्केचाळीस भरली, कागदाप्रमाणे. वळून बघतो तर शिनबो रबरी नळी घेऊन बादली धूत होता. शेतातले मुळे धुवावेत तशी, आतून बाहेरून, दातांच्या फटीसुद्धा. माती गटारीतून निघून गेली होती. बादली चकचकत होती आणि तो माझ्याकडे बघून समाधानाने हसत होता. पाहुण्यांच्या गाड्या फाटकाशी आल्या होत्या. काँक्रीटच्या गाड्या रस्त्यावर रांगेत होत्या. आणखी एक बादली खाली सोडायची, दहा मिनिटं. त्यासाठी यंत्रावर बसलेल्या कुरामोचीला हात वर करून सांगावं लागलं असतं, आणि पाहुण्यांसमोर शिनबोला कळलं असतं की त्याने काय केलं. त्याची लाज वाचवली असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला घाई होती. सकाळच्या सेहेचाळीस नंबरची बाटली अजून माझ्या खिशात होती, निळसर खड्यांची. मी फळ्यावरचा सहा अंगठ्याने पुसला. चाळीसचे एक्केचाळीस केले. बाटली फळीवर ठेवली आणि फोटो काढला. मान वर केली तेव्हा यंत्राच्या काचेमागून कुरामोची माझ्याकडे बघत होता. तो तेव्हा पन्नाशीचा, साइटवरचा सगळ्यात तोंडाळ माणूस. तो काहीच बोलला नाही. मी पाहुण्यांकडे गेलो, अर्धा तास वाकून वाकून बोललो, आणि परत आलो तोवर सळ्यांचा पिंजरा भोकात उतरत होता. त्या खांबाला काँक्रीटची एक गाडी जास्त लागली. भोक पोटात फुगलंय, मुकादम कुरकुरला, आणि मी तसंच लिहिलं. त्या दुपारी कुरामोची जेवणाचा डबा घेऊन दुसरीकडे बसला.

दुसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस नंबर खणला. चाळीस गेले, एक्केचाळीस गेले, बेचाळीस गेले, बादलीत नुसता राखाडी चिखल. गोटे लागले ते त्रेचाळिसाला. सेहेचाळीसला चाळीस, अठ्ठेचाळीसला त्रेचाळीस. जुन्या नदीचा उतार नेमका त्या दोघांमध्ये होता आणि माझा खांब एक्केचाळिसावर, बहुधा चिखलात लोंबकळत. सांगायचं तर फोटोबद्दलही सांगावं लागणार होतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता वर पाच मजले चढले, मग दहा, मग अठरा, आणि फुगे बांधून घरं विकायला निघाली. मी त्यातलंच एक घेतलं. नोबुएला सांगितलं की स्टेशन जवळ आहे. एकशे ऐंशी घरं माझ्या त्या एका काडीवर झोपणार असतील तर मी दुसरीकडे झोपू शकत नव्हतो. ती घरं आता माझ्या ओळखीची झाली आहेत. नवव्या मजल्यावरच्या बाईंचा पियानो आहे, तो भिंतीजवळ ठेवू नका असं मी त्यांना उगाच सांगितलं होतं. दर नवीन वर्षाच्या सकाळी मी वाडगाभर पाणी जमिनीवर ठेवून बघतो. मोठा भूकंप झाला त्या वर्षी रोज ठेवत होतो. पाणी कधी एका बाजूला गेलं नाही, पण वाडगा असतोच केवढा.

मुलगी येऊन गेली त्याच संध्याकाळी रहिवासी संघाचे सचिव हाताकेदा लिफ्टमध्ये भेटले. "इसोगाई-सान, रविवारी सभा आहे. लोक घाबरलेत हो. शेजारी चाळीस मजल्यांचं खणणार, आपलं काय होणार, म्हणतात. तुम्ही फक्त उठून दोन शब्द सांगा, पाया पक्का आहे म्हणून. तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे." लिफ्ट अकराव्या मजल्यावर थांबली आणि मी बाहेर पडायचं विसरलो. घरी आलो तर न्हाणीघराचं दार आपोआप उघडलं. मी लावलं. ते पुन्हा हळूच उघडलं. "बिजागरीचा स्क्रू सैल झालाय," नोबुए म्हणाली. "किती दिवस सांगतेय." मी तिथेच उभा राहून ते दार लावत राहिलो. खुल्या खिडकीतून शेजारच्या साइटवरचा वास येत होता. तपासणीसाठी त्यांनी एक बारीक भोक पाडलं होतं आणि खालचा काळा चिखल वर आणला होता. शिळ्या समुद्राचा तो वास मला झोपेतही ओळखता येतो. रविवारी उभं राहून एकतर खोटं बोलायचं, नाहीतर एकशे ऐंशी घरांना सांगायचं की तुमच्या पायाखाली काय आहे ते मी पाहिलेलंच नाही. आणि त्याआधी, त्या दिवशी जो एकटाच माझ्याकडे बघत होता त्याला एकदा भेटायला हवं होतं.

कुरामोचीचा पत्ता माझ्याकडे होता. मी इथे राहायला आल्यापासून त्याचं नवीन वर्षाचं कार्ड येतं. मीही पाठवतो, छापील. त्याच्या कार्डावर दरवर्षी पेनाने एकच ओळ असते: इमारत घट्ट उभी आहे. निवांत राहा. तो टोमणा आहे हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. माझा पत्ता बघून त्याने ओळखलं असणार की मी कुठे राहायला गेलोय, आणि दर जानेवारीत तो मला आठवण करून देत होता. ती कार्डं मी नोबुएला दाखवत नसे.

नदी ओलांडून कानामाची स्टेशनवर उतरलो तेव्हा दुपार होती. गल्लीच्या टोकाला त्याचं बैठं घर. वळचणीला सुकत घातलेल्या मुळ्यांच्या माळा. तो अंगणात लाकडी पिंपाशेजारी बसला होता, ब्याऐंशी वर्षांचा, अंगात जुनं साइटवरचं जाकीट. मला बघून उठला नाही.

"साहेब! मेलात की काय वाटलं. या वर्षी कार्ड उशिरा आलं तुमचं."

"कुरामोची-सान," मी म्हणालो आणि उभ्या उभ्याच कमरेत वाकलो, आणि वर यायला धीर होईना. "सत्तेचाळीस नंबर. तुम्ही पाहिलं होतं."

"पाहिलं होतं. मग?"

"मी शेवटची बादली न बघता फोटो काढला. माती सेहेचाळीसची होती."

"ते मला कशाला सांगता? मी समोरच बसलो होतो." त्याने पिंपावर थाप मारली. "वाकून किती वेळ राहणार? लचक भरेल. बसा. तोमिए, चहा आण, साहेब आलेत. हेच ते, बादली धुणारे."

"मी नाही धुतली," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी पहिलं हेच तोंडातून निघालं, आणि म्हातारा खो खो हसला.

"शिनबो! काय बादली धुतली होती रे देवा. त्यात भात खाल्ला असता." मग तो थांबला. "तुम्ही हात वर कराल म्हणून वाट बघत होतो मी. दोन मिनिटं बघितली. तुम्ही फळ्यावर अंगठा फिरवलात आणि पाहुण्यांकडे धावलात. मग मी काय करणार? न बघितलेल्या भोकात मी कधी पिंजरा सोडलेला नाही. सोडली परत बादली."

मी पिंपाशेजारी खाली बसलो.

"एक काढली, चिखल. दुसरी काढली, चिखल. मग घाबरलो जरा. तिसरीत बादलीचे दात कडकडले. तो आवाज तुम्हाला माहीत आहे. साडेबेचाळीस. काँक्रीटची गाडी जास्त लागली होती की नाही?"

लागली होती. मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की भोक पोटात फुगलंय. दीड मीटर खोल, एवढ्या रुंदीचं भोक. माझ्या डोक्यात आपोआप गुणाकार झाला आणि त्या जास्तीच्या गाडीतली अर्धी त्यात बरोबर बसली. उरलेली अर्धी, गाडी तेवढी लहान आणता येत नाही म्हणून. एकतीस वर्षं तो आकडा माझ्याकडे होता. मी कधी तो उलटा वाचून पाहिला नाही.

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुमच्या फोटोत एक्केचाळीस, मी म्हणणार साडेबेचाळीस. तुमची नोकरी गेली असती, आणि न विचारता खणलं म्हणून माझीही." त्याने मान खाजवली. "शिवाय राग आला होता. म्हटलं, जळू दे थोडं. पण तुम्ही तिथेच राहायला गेलात तेव्हा बाईसाहेबांची दया आली. म्हणून तर दरवर्षी लिहिलं, घट्ट आहे, निवांत राहा. आणखी काय लिहायचं? पोस्टकार्ड उघडं असतं, पोस्टमनही वाचतो."

"मला तो टोमणा वाटला."

"टोमणा! इतकी वर्षं तिकिटं चिकटवून कोण टोमणे मारतो हो?"

तोमिए-सान चहाचे पेले घेऊन आल्या आणि नवऱ्याकडे डोळे वटारून म्हणाल्या, "ह्यांचं ऐकू नका. हे तोंडाने कधी सरळ बोलले नाहीत, ते कार्डावर काय बोलणार." मग पिंपाकडे बोट केलं. "पण तो दिवस मला आठवतो. माझा जुना दगड त्याच आठवड्यात दुभंगला होता. हे चिखलाने माखून आले आणि जाकिटातून हा काढला. म्हणे, साहेब मोठ्या पाहुण्यांशी बोलत होते तेव्हाच हा बादलीतून वर आला, चोरून आणलाय. किती घासला मी तो!"

पिंपात मुळे भाताच्या कोंड्यात रचलेले होते, वर लाकडी झाकण, आणि झाकणावर दगड. दोन पंजांत मावेल एवढा, गोल. मी तो उचलला. जड होता. वरून मिठाने पांढरा झालेला. पेल्यातला थोडा गार चहा मी त्याच्यावर ओतला आणि ओला झाल्यावर तो निळसर झाला, सेहेचाळीसच्या बाटलीतल्या खड्यांसारखाच, मधून एक पांढरी रेघ. मी वास घेतला. कोंडा, मीठ, मुळा. आमच्या घराखाली चाळीस मीटरपर्यंत मसुराएवढा खडा नाही. हा दगड वरच्या चिखलातून आलेला असूच शकत नव्हता, आणि पाहुणे असताना वर आली ती सत्तेचाळीसचीच बादली. मी कितीतरी वेळ तो मांडीवर घेऊन बसलो. छातीत जे घट्ट धरून ठेवलं होतं ते एकदम सुटलं नाही; जिथे जिथे धरलं होतं तिथून ते एकेक करून निघत गेलं, खांद्यातून, जबड्यातून, पोटातून, आणि मला लाज वाटेल इतकी भूक लागली.

"तपासणीला आलेल्या मुलीने मीटरला दोन मिलिमीटर उतार मोजलाय," मी म्हणालो. अजूनही कुठेतरी एक टोक उरलं होतं.

"दोन?" कुरामोची म्हणाला. "माझ्या घरात स्वयंपाकघरात अंडं ठेवा, रस्त्यावर जाऊन उचलावं लागतं."

मी दोन वाट्या भात आणि गेल्या वर्षीचा मुळा खाल्ला. मग मी सांगितलं की रविवारी सभेत उभं राहायचंय, आणि मी आधी अंगठ्याचं सांगणार आहे, मगच पाया पक्का आहे हे. कुरामोचीने बराच वेळ दातातला मुळा कोरला. "मग फोटो पाहिजे," तो म्हणाला. "फोटोशिवाय कोण ऐकतं? आपल्या कामात तोंडी चालत नाही." त्याने भिंतीवरच्या तांदूळवाल्याच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, उलटं केलं आणि जाड पेन माझ्यासमोर ठेवलं. मी लिहिलं: खांब क्रमांक सत्तेचाळीस. खोली साडेबेचाळीस मीटर. गोट्यांचा थर लागला. पाहणारा, कुरामोची. मग तारखेशी आलो आणि त्या जुन्या नोव्हेंबरचा आकडा लिहू लागलो. त्याने माझ्या मनगटावर चापट मारली.

"आजची लिहा. पुन्हा तेच करता की काय?"

मी खोडलं आणि आजची लिहिली. दगड अंगणातल्या फरशीवर ठेवला, शेजारी कागद धरून उकिडवा बसलो. तोमिए-सान मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन मागे मागे सरकत होत्या.

"साहेब, हलू नका, कागद हलतोय."

"हलू दे," कुरामोची म्हणाला. "हसतायत ते. काढ तू."

निघताना मी विचारलं की रविवारपुरता दगड नेऊ का, लोकांना हातात देता येईल. तोमिए-सानना ते मुळीच पटलं नाही. "फोटो आहे ना? मुळे दबले पाहिजेत, वसंतापर्यंत हा कुठे जाणार नाही. वसंतात येऊन न्या, आणि मुळेही न्या बाईंसाठी." त्यांनी माझ्या हातातून दगड घेतला, धुतला आणि झाकणावर ठेवला; थोडा डावीकडे सरकवला, हाताने दाबून पाहिला. दगड बसला. खालून पिवळसर पाणी हळूहळू वर आलं, झाकणाच्या कडेने भरत गेलं, आणि पिंपाच्या चारी बाजूंना सारखं थांबलं. मी गाडीची वेळ होईपर्यंत त्याच्याकडे बघत उभा राहिलो.